धुऱ्याची वीत आणि तीन पिढ्यांचं वैर

मराठवाड्यातल्या कुठल्याही तालुका कोर्टाच्या आवारात तारखेच्या दिवशी जाऊन बसा. झाडाखाली दोन घोळके दिसतील, एकमेकांकडे पाठ करून बसलेले. पुकारा झाला की कळतं, दोन्हीकडचं आडनाव एकच. पुष्कळदा पणजोबाही एकच. एका घोळक्यातला म्हातारा दुसऱ्या घोळक्यातल्या म्हाताऱ्याचा चुलतभाऊ असतो. दोघं एकाच वाड्यात वाढलेले, एकाच बैलगाडीतून वऱ्हाडाला गेलेले. त्यांची नातवंडं मात्र एकमेकांना ओळखतात ती फिर्यादीतल्या नावांपुरती.

हे होतं कसं आणि थांबवता येतं का, हे समजून घेऊ. "माणसंच तापट", "शिक्षण नाही", "दारूनं घात केला" अशी उत्तरं लगेच मिळतात. त्यांत थोडं तथ्य आहे. पण शांत स्वभावाची, शिकलेली, माळकरी माणसंही या फेऱ्यात सापडलेली दिसतात, तेव्हा एवढ्यावर भागत नाही. मला जे दिसतं ते असं: वैर जगतं ते सूड घेणाऱ्याच्या रागावर कमी आणि त्याच्याभोवती उभ्या असलेल्या माणसांच्या अपेक्षेवर जास्त. भावकी, सोयरे, पारावर बसणारे, मोबाईलवर बघणारे. म्हणून ते तोडायची जागाही तिथंच आहे.

साडेपाच किलो सोयाबीन

सुरुवात बहुधा जमिनीपासून होते. आजोबांनी तोंडी वाटणी करून दिलेली असते, सातबारा अजून सामाईक असतो. कुणी कुठवर कसायचं हे लिंबाच्या झाडावरून किंवा पुरलेल्या दगडावरून ठरलेलं. पुढे झाड वठतं, दगड हलतो, बैलाच्या जागी ट्रॅक्टर येतो आणि मृगाच्या तोंडावर रान तयार करताना धुरा, म्हणजे दोन शेतांमधला बांध, दरसाल थोडा थोडा सरकतो.

समजा धुरा 400 फूट लांब आहे आणि शेजाऱ्यानं त्याची एक वीत, म्हणजे पाऊण फूट, कोरली. गेली 300 चौरस फूट जमीन. गुंठा असतो 1,089 चौरस फुटांचा, म्हणजे हा पाव गुंठ्याच्या जरा वरचा तुकडा. एकरी 8 क्विंटल उतारा धरला तर त्यात वर्षाला साडेपाच किलो सोयाबीन होईल. क्विंटलला साडेचार हजारांचा भाव धरला तर अडीचशे रुपये.

अडीचशे रुपयांसाठी कुऱ्हाड उचलणारा माणूस वेडा वाटेल. पण त्याच्या डोक्यात सोयाबीनचा हिशेब नसतोच. आज वीत सोडली तर पुढच्या साली हातभर जाईल, मग विहिरीवरची बारी जाईल, मग बैलगाडीची वाट बंद होईल, असा त्याचा विचार असतो. शिवाय याला कुणी वाली नाही असं एकदा गावाला दिसलं की तिसराच माणूस अंगावर येईल, ही भीती असते. ही भीती खोटी नाही. पोलीस ठाणं लांब, मोजणीची तारीख महिनोन्‌महिने लागत नाही, दिवाणी दावा बापानं लावायचा आणि निकाल लेकानं ऐकायचा; अशा ठिकाणी माणसाचा दरारा हेच त्याच्या शेताचं कुंपण होऊन बसतं.

जगात जिथं जिथं पिढीजात वैराची रीत मुरली तिथं सरकारचा हात असाच लांब किंवा लुळा होता. उत्तर अल्बानियाच्या डोंगरात रक्ताला रक्त घेण्याचे नियम शेकडो वर्षं तोंडपाठ होते. कम्युनिस्ट राजवटीनं ती प्रथा जवळजवळ साडेचार दशकं दाबून धरली. 1991 नंतर ती राजवट कोसळली, पोलीस-कोर्टाचा धाक गेला, आणि दोन पिढ्या झोपलेली वैरं पुन्हा उठली. तिथल्या रिवाजात माणसाला त्याच्या घरात मारत नाहीत, म्हणून कितीतरी पुरुष आणि वयात येणारी मुलं वर्षानुवर्षं उंबऱ्याबाहेर पडली नाहीत. शाळा सुटली, ती सुटलीच.

आपल्याकडचे आकडेही याच दिशेचे आहेत. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 2022 च्या अहवालात देशभरात खुनाचे 28,522 गुन्हे आहेत. कारणांत सगळ्यात वर "वाद": 9,962. त्याखाली वैयक्तिक वैर: 3,761. पैशाअडक्याच्या लाभासाठी झालेले खून 1,884. वाद आणि वैर एकत्र धरले तर लाभासाठी झालेल्या खुनांच्या सातपटीहून जास्त. रात्री दाराला कडी आपण चोरासाठी लावतो, पण जास्त जीव भांडणांत जातात.

दोघांचा हिशेब का जुळत नाही

2003 साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. दोन माणसं बसवली, प्रत्येकाचं बोट एका यंत्राखाली. एकानं दुसऱ्याच्या बोटावर दाब द्यायचा, मग दुसऱ्यानं जेवढा जाणवला तेवढाच परत द्यायचा. समोरच्याला काय सांगितलंय हे कुणालाच माहीत नाही. राग नाही, पैज नाही, जुनी ओळख नाही. तरी दर पाळीला दाब सरासरी 38 टक्क्यांनी वाढत गेला. या वेगानं चार पाळ्यांत तो मूळच्या साडेतीनपटीपुढे जातो.

असं होतं कारण आपण स्वतः दिलेला दाब आपला मेंदू कमी धरतो. आपल्याच हातानं आपल्याला गुदगुल्या होत नाहीत त्याचंही कारण हेच. दुसऱ्याकडून आलेला दाब मात्र पुरता जाणवतो. दोघंही अगदी मनापासून सांगतात, मी तेवढाच दिला.

आता हेच धुऱ्यावर आणा. यानं शिवी दिली, त्यानं कानफडात मारली. मारणाऱ्याच्या लेखी फिटंफाट झाली. खाणाऱ्याच्या लेखी शिवीचा मोबदला शिवी होता, वरची चापट उधारी राहिली. ती फेडताना काठी येते. शिवाय दोन्ही घरांची सुरुवातही वेगवेगळी असते. एक घर विहिरीवरच्या मोटारीपासून मोजायला लागतं, दुसरं त्याआधी मोडलेल्या सोयरिकीपासून. दोघांनाही विचारा, "सुरुवात त्यांनी केली" असंच उत्तर येईल, आणि दोघंही खोटं बोलत नसतील. मिटवायला बसलेल्या माणसांनी ही एक गोष्ट ध्यानात ठेवली तरी पुष्कळ होईल. पहिला दगड कुणी मारला हे शोधत बसलात तर रात्र सरेल आणि दोन्ही बाजू जास्त पेटून उठतील.

सूड घेतला की मन शांत होतं, हाही असाच एक पक्का समज. 2008 साली अमेरिकेतल्या तीन मानसशास्त्रज्ञांनी तो तपासून पाहिला. पैशांच्या खेळात एकानं सगळ्यांचा विश्वासघात केला. काहींना त्याला शिक्षा करायची संधी दिली, काहींना दिली नाही. संधी मिळालेल्यांना वाटलं होतं, आता बरं वाटेल. उलट तेच जास्त बेचैन राहिले आणि त्या माणसाचा विचार करत बसले. ज्यांना संधी मिळाली नव्हती ती माणसं पुढच्या कामाला लागली होती. खेळातली फसवणूक आणि घरातला माणूस जाणं यांची बरोबरी होत नाही, हे खरं. पण जन्मठेप भोगून आलेल्या म्हाताऱ्याजवळ कधी बसलात तर बघा, त्या दिवसापलीकडचं तो फारसं काही सांगू शकत नाही.

वारसा कागदावरूनही जातो

कर्त्या माणसाचा खून झालेल्या घरात तेराव्याला पाहुणे जमलेले असतात. आठ-नऊ वर्षांचं लेकरू, नुकतंच डोकं भादरलेलं, कोपऱ्यात बसलेलं असतं. कुणीतरी लांबचा चुलता त्याला जवळ ओढतो, डोक्यावर हात ठेवतो आणि चारचौघांत म्हणतो, "तू कशाला रडतू रे, तू तर वाघाचा छावा. मोठा झाल्यावर बघ की त्यांच्याकडं." सगळे माना हलवतात. चुलता संध्याकाळच्या एसटीनं आपल्या गावी जातो. लेकरू ते वाक्य घेऊन पुढची दहा वर्षं जगतं. ज्यानं त्याच्यावर ही कामगिरी टाकली त्याला उद्या जामीनदार म्हणून उभं राहायला सांगा, येतो का बघा. मला या वाक्याचा मनापासून संताप येतो. ते प्रेमानं बोललं जातं, म्हणून त्याला कुणी अडवत नाही.

आता त्यात मोबाईलची भर पडली आहे. वर्षश्राद्धाला फोटोवर गाणं लावून स्टेटस, खाली "वाट पाहतोय" असे शब्द. जामिनावर सुटलेल्याची मिरवणूक आणि तिचं रील. पूर्वी डूख धरणारा माणूस मनात धरायचा. आता त्याला दर महिन्याला दोनशे माणसं लाईक करून आठवण करून देतात.

दुसरा वारसा फिर्यादीतून जातो. मारामारीत चौघं असले तरी नावं अकरा जणांची घालायची, ही वाईट सवय आपल्याकडे बोकाळली आहे. पुण्यात कंपनीत असलेला भाऊ, पोलीस भरतीसाठी पहाटे पळणारा पुतण्या, कॉलेजातलं पोरगं, यांची नावं मुद्दाम घुसवली जातात. हेतू उघड असतो, की चारित्र्य पडताळणीत अडकावं, नोकरी लागू नये. मग ते दुसरी उलटी फिर्याद देतात आणि यांच्या पोरांची नावं घालतात. असलं पोरगं दोन-तीन वर्षं तारखा करतं. भरतीचं वय निघून जातं. ज्यानं काठीला हात लावला नव्हता त्याच्याकडे आता खरोखरचं कारण तयार झालेलं असतं. गंमत म्हणजे याला कुणी हिंसा म्हणत नाही, पण पुढच्या पिढीचा सूड पेरायचं याहून खात्रीचं बी मला माहीत नाही. शिवाय जादा नावांनी मूळ खटलाही पातळ होतो. साक्षी विसंगत होतात आणि खरा मारणारा सुटतो.

मग प्रश्न येतो, हिंसा बघून वाढलेलं मूल हिंसकच होणार का? नाही. अमेरिकेत 1989 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात लहानपणी मारहाण किंवा आबाळ सोसलेल्या मुलांची तुलना तशाच वस्तीतल्या इतर मुलांशी केली. अल्पवयात पोलिसांनी पकडल्याचं प्रमाण पहिल्या गटात शंभरात 26 होतं, दुसऱ्यात 17. धोका वाढतो, हे नक्की. पण पहिल्या गटातलीही बहुसंख्य मुलं त्या वाटेला गेली नाहीत. "रक्तातच आहे त्यांच्या" असं आपण एखाद्या घराबद्दल सहज बोलून जातो. त्या घरातल्या पोरांवर हा अन्याय आहे, आणि ते खरंही नाही.

बघणारे कुणाच्या बाजूला

सामूहिक सुडाचा अनुभव आपल्या भागाला आहे आणि त्याबद्दल आपण फार कमी बोलतो. 1947-48 मध्ये रझाकारांनी हैदराबाद संस्थानातल्या गावांवर अत्याचार केले. ते दर 17 सप्टेंबरला आपण आठवतो, आठवायलाच हवं. पण पोलीस ॲक्शन, म्हणजे संस्थान भारतात आणणारी लष्करी कारवाई, झाल्यावर जो सूड उगवला गेला, त्यात रझाकारांशी काही संबंध नसलेली असंख्य मुसलमान कुटुंबं भरडली गेली. केंद्रानं पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीनं संस्थानातल्या मृतांचा अंदाज 27,000 ते 40,000 असा दिला. सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड होते. तिसरा बीदर, ज्यात तेव्हा आपले उदगीर, निलंगा, अहमदपूर मोडत, चौथा गुलबर्गा. हा अहवाल कित्येक दशकं लोकांसमोर आलाच नाही.

त्याच अहवालात आणखी एक नोंद आहे. कितीतरी ठिकाणी हिंदू शेजाऱ्यांनी मुसलमान कुटुंबांना वाचवलं, आणि विणकरांचा त्यात वेगळा उल्लेख आहे: बाहेरून आलेल्या जमावापुढे हिंदू विणकर आपल्या धंद्यातल्या मुसलमान विणकरांसाठी उभे राहिले, काहींना त्यात जीव गमवावा लागला. रझाकारांचा राग त्यांनाही असणारच. पण माग शेजारी, सूत एकाच व्यापाऱ्याचं, रोजचं बोलणं. अशी माणसं बघ्यांत उभी राहायला तयार झाली नाहीत.

कोसोव्होत हीच गोष्ट ठरवून केली गेली. तिथल्या अल्बानियन समाजात पिढ्यान्‌पिढ्यांची रक्तवैरं होती. 1990 साली काही तरुण विद्यार्थी आणि आंतोन चेत्ता नावाचे लोकसाहित्याचे ज्येष्ठ अभ्यासक गावोगाव फिरू लागले. चेत्तांचं आयुष्य खेडोपाडी गोष्टी आणि गाणी गोळा करण्यात गेलेलं, त्यामुळे कुठल्या घरात काय आणि कसं बोलायचं हे त्यांना ठाऊक होतं. ज्याचा मुलगा मारला गेला त्या बापासमोर ते तासन्‌तास बसायचे. बापाची अडचण ठरलेली: माफ केलं तर लोक मला भ्याड म्हणतील. म्हणून त्यांनी माफी चारचौघांत, मोठ्या मेळाव्यात द्यायची पद्धत सुरू केली. "लोकांच्या, तरुणांच्या आणि झेंड्याच्या नावानं" मी हे रक्त माफ करतो, असं बापानं उभं राहून म्हणायचं आणि हजारोंनी त्याला मान द्यायचा. 1 मे 1990 ला देचान भागातल्या माळावर लाखोंची गर्दी जमली होती. दोन-अडीच वर्षांत सुमारे हजार वैरं मिटली. त्या काळी त्या समाजावर सर्बियाच्या सत्तेचा दबाव वाढत होता आणि आपसातलं रक्त थांबवण्याची निकड सगळ्यांना कळली होती, याचाही वाटा त्यात मोठा आहे. पण ज्या डोळ्यांना भिऊन माणसं सूड घेत होती, त्याच डोळ्यांसमोर माफ करणं प्रतिष्ठेचं झालं, ही त्यातली खरी कळ.

शिकागोत गॅरी स्लटकिन या साथरोगतज्ज्ञानं 2000 च्या सुमारास दुसऱ्या बाजूनं सुरुवात केली. गोळीबाराच्या नोंदी नकाशावर मांडल्यावर त्याला दिसलं, की हिंसा साथीसारखी एकातून दुसऱ्यात जाते. मग त्याच्या कार्यक्रमात पूर्वी त्याच टोळ्यांत वावरलेली, सुधारलेली माणसं कामाला घेतली. गोळीबार झाला की ती दवाखान्यात आणि घरी पोचायची, बदल्याची तयारी चाललेल्या पोरांना गाठायची आणि पहिले काही दिवस सोडायचीच नाहीत. निकाल सगळीकडे सारखे आले नाहीत, काही शहरांत चांगले, काहींत जेमतेम. पण ज्याचं ऐकलं जातं त्यालाच मधे घालायचं, ही समज आपल्याकडेही जशीच्या तशी लागू पडते.

आपल्याकडे असं माणूस बहुतेक वेळा मामा असतो. दोन्ही घरांत दिलेल्या लेकी असतात, दोन्हीकडे जाणारा आत्याचा नवरा असतो, दोन्ही घरांचा माल ज्याच्याकडे उतरतो तो मोंढ्यातला आडत्या असतो, दोन्ही घरांच्या पोरांना बाराखडी शिकवलेले गुरुजी असतात. पुढाऱ्याचं नाव मी मुद्दाम घेत नाही. त्याला दोन्हीकडची मतं हवी असतात, किंवा एकीकडची पक्की हवी असतात, आणि दोन्ही परिस्थितींत मिटण्यापेक्षा धुमसत राहिलेलं त्याला परवडतं.

अशा माणसानं पहिल्या आठ-पंधरा दिवसांत करायची कामं अगदी साधी असतात. तरण्या पोरांना गावातून हलवायचं, मावशीकडे, बहिणीकडे, लातूर-नांदेडला कुठंही. त्यांच्या हातातला फोन आणि त्यांच्याभोवतीचे चढवणारे, दोन्ही लांब ठेवायचे. पोराला एकट्यात बोलायचं, चारचौघांत नाही, कारण चारचौघांत त्याला माघार घेता येत नाही.

"मामा, पण गाव काय म्हणंल?"

"गाव चार दिस बोलंल. जेलच्या दारात डबा घेऊन तुझी मायच उभी राहील."

एवढं सांगणारा एक मामा वेळेवर पोचला तर पुढचा खून टळू शकतो. पोचला नाही तर पोचतो तो चुलता, "हातात बांगड्या भरल्यात का" म्हणणारा.

मिटवणं आणि सोडून देणं यांतला फरक

समेट म्हटलं की पुष्कळांच्या पोटात गोळा येतो, आणि तो रास्त आहे. खून करणारा मोकाट आणि वर आमच्याकडून माफीची अपेक्षा, असं त्यांना वाटतं. कायदा इथं स्पष्ट आहे. साधी मारहाण, शिवीगाळ यांसारखे काही गुन्हे दोन्ही बाजूंना आपसात मिटवता येतात. खून आणि खुनाचा प्रयत्न हे गुन्हे आपसात मिटत नाहीत. तो खटला सरकार चालवतं आणि चालायलाच हवा. म्हणजे दोन वाटा एकाच वेळी चालाव्या लागतात: मारणाऱ्याला कोर्टातून शिक्षा, आणि त्याच्या भावाला, पोराला, पुतण्याला हात न लावण्याचा दोन्ही घरांचा शब्द. चंबळच्या खोऱ्यात 1960 साली विनोबांपुढे आणि 1972 साली जयप्रकाश नारायण यांच्यापुढे बागींनी शस्त्रं ठेवली. त्यांतले कितीतरी जमिनीच्या भांडणातून आणि सुडातूनच त्या वाटेला लागले होते. शस्त्रं ठेवून ते तुरुंगात गेले, खटले चालले. उलट तपास ढिला पडला, साक्षीदार फितूर झाले आणि आरोपी हार घालून घरी आला, तर मामानं कितीही सांगितलं तरी पोराच्या मनातून सूड जाणार नाही. वेळेवर लागलेला निकाल हा वैर तोडणाऱ्या गोष्टींत सगळ्यात वरचा आहे.

आणखी एक गोष्ट इथं ठामपणे सांगायला हवी. प्रत्येक हिंसा ही दोन बरोबरीच्या घरांची नसते. गायरानावरून, वरातीवरून, पाण्यावरून दलित वस्तीवर झालेला हल्ला हे वैराचं चक्र नाही, तो एकतर्फी अत्याचार आहे. 1978 साली विद्यापीठाच्या नामांतराच्या ठरावानंतर मराठवाड्यातल्या दलित वस्त्या जाळल्या गेल्या, तिथं "दोन्हीकडून चूक" कुठली आली? अशा वेळी गावातले शहाणे "झालं गेलं विसरा, केस मागं घ्या, गावात राहायचंय ना" असं म्हणतात तेव्हा ते शांतता मागत नसतात, गप्प बसायला सांगत असतात. म्हणूनच 1989 च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यातले गुन्हे तडजोडीनं मिटवायची सोय ठेवलेली नाही. आणि केस मागे घ्यावी म्हणून कुटुंबाला वाळीत टाकलं तर 2016 च्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्यानुसार तो वेगळा गुन्हा होतो. मधे पडणाऱ्या माणसानं आधी बघावं: दोघांपैकी कुणाला गाव सोडून जावं लागेल? उत्तर एकाच बाजूचं येत असेल तर ते प्रकरण पारावर बसून सोडवायचं नाही.

धुरा कागदावर आणा

माणसं शांत झाली आणि धुरा तसाच राहिला तर पुढच्या मृगाला पुन्हा तेच. बोलणी फिसकटतात ती बहुधा इथं: शपथा होतात, चहा होतो, गळाभेट होते, पण हद्द कुणी आखत नाही.

म्हणून भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घ्या, दोन्ही बाजूंनी मिळून अर्ज करा, खुणा पुरताना दोन्ही घरांची तरणी पोरं हजर ठेवा आणि मोजणीची क प्रत, म्हणजे हद्दीचा नकाशा, दोघांकडे राहू द्या. सामाईक सातबारा असेल तर जमीन महसूल अधिनियमाच्या कलम 85 खाली तहसीलदारांकडून रीतसर वाटणी करता येते. म्हातारी माणसं हयात आहेत, त्यांना दगड कुठं होता ते आठवतंय, तोवर हे उरकलेलं बरं. वाट किंवा पाणी अडवलं असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम 1906 च्या कलम 5 खाली तहसीलदारांकडे दाद मागता येते, पण अडवल्यापासून 6 महिन्यांच्या आत. ही मुदत पुष्कळांना ठाऊकच नसते. वर्षभर भांडतात आणि मग जातात. बांधावरून नवी वाट हवी असेल तर महसूल अधिनियमाचं कलम 143 आहे.

काही गावांत तिढा वेगळा असतो. याच्या नावावरचं रान तो कसतो आणि त्याच्या नावावरचं हा. अशांसाठी राज्य सरकारनं जानेवारी 2023 मध्ये सलोखा योजना आणली. किमान 12 वर्षं असा ताबा असेल आणि दोघं राजी असतील तर अदलाबदलीच्या दस्ताला 1,000 रुपये मुद्रांक शुल्क आणि 1,000 रुपये नोंदणी शुल्क, एवढ्यावर काम होतं. योजना मुदतीची आहे, त्यामुळे दुय्यम निबंधक कार्यालयात सध्याची मुदत विचारून घ्यावी. दोन हजारांत जो वाद कागदावर संपू शकतो त्यासाठी एकर-एकर विकलेली घरं मराठवाड्यात गावोगाव आहेत.

पोलिसांकडेही गुन्हा घडण्याआधी वापरायचं एक साधन असतं. शांतता बिघडण्याची शक्यता दिसली तर दोन्ही बाजूंकडून वर्षभरापर्यंतचा बंधपत्राचा जामीन घेता येतो. जुन्या कायद्यात ते कलम 107 होतं, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं 126 आहे. गावात ती नोटीस आली की अपमान वाटतो. खरं तर कितीतरी पोरांना ती हवी असते, कारण "मी तर गेलो असतो, पण बाँड लिहून दिलाय" असं चारचौघांत सांगायला एक सबब मिळते. ठाणे अंमलदारानं हे ओळखून वापरलं तर त्या एका कागदानं मारामारी टळते.

15 ऑगस्ट 2007 ला सुरू झालेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेत हेच सगळं गावपातळीवर करायचं होतं. आर. आर. पाटील तेव्हा गृहमंत्री होते. सुरुवातीच्या वर्षांत हजारो किरकोळ दावे गावातच मिटले. पुढे पुष्कळ ठिकाणी समिती म्हणजे निवडणुकीत हरलेल्याला द्यायचं पद झालं आणि तिचा कस गेला. कल्पना मात्र चांगली होती. जिथं अध्यक्ष दोन्ही घरांत पाणी पिऊ शकतो अशा गावात ती आजही चालेल.

या सगळ्यात जिचं नाव कुठंच येत नाही ती खून झालेल्या माणसाची बायको असते. तारखा तिलाच कराव्या लागतात, व्याजाचे पैसे तिच्याच अंगावर येतात, आणि सासर-माहेरच्या पुरुषांत पुढं काय करायचं हे ठरतं तेव्हा तिला कुणी विचारत नाही. बहुतेकींना लेकरं शिकलेली बघायची असतात. त्यांना हे म्हणता यावं यासाठी आधी खर्चाचा भार उतरवावा लागतो. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार कुठल्याही स्त्रीला, उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चानं वकील मिळतो. अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना, मुलांना आणि कोठडीतल्या माणसालाही मिळतो. गुन्ह्यात माणूस गमावलेल्या घराला नुकसानभरपाई देण्याची शिफारस न्यायालय करू शकतं आणि ती किती द्यायची हे जिल्हा विधी सेवा प्राधिकरण ठरवतं. तालुक्याच्या कोर्टातच तालुका विधी सेवा समितीचं कार्यालय असतं. फोन करायचा असेल तर 15100.